टास्कबार गेला, टायलिंग गेलं, आणि तुमच्या दप्तरी तक्रार 'सोडवली'

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि डेस्कटॉप विभाग प्रमुख

विषय: लिनक्सवरच्या गनोम डेस्कटॉपच्या ४९ व्या आवृत्तीच्या अपडेटनंतर तुमचा टास्कबार आणि तुमचं टायलिंग बंद पडल्याबाबत, आणि हेल्पलाइनवर मिळालेल्या वागणुकीबाबत

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. शेवटचं वाक्य होतं, "मॅडम, टास्कबार हा पर्सनल चॉइसचा विषय आहे, त्यात कंपनी काय करणार?" फोन उचलणाऱ्यांच्या वर कुणी बसत असेल, तर हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

तुमचं उत्पादन तुम्हाला समजावून सांगत बसत नाही. तुमच्या लिनक्सच्या सशुल्क आवृत्तीच्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक अक्षरांत आहेत: खाली कायम दिसणारा टास्कबार, कीबोर्डवरून खिडक्यांची मांडणी (म्हणजेच टायलिंग), आणि 'पहिल्या दिवसापासून तयार डेस्कटॉप'. त्यातल्या पहिल्या दोन अपडेटच्या रात्री गेल्या. तिसरीबद्दल काय बोलावं!

सकाळी लॉगिन केलं तर समोर कोरं गनोम. वर काळी पट्टी, खाली काही नाही. कोणती खिडकी उघडी आहे हे बघायला दर वेळी ओव्हरव्ह्यूमध्ये जायचं, छोट्या चित्रांतून आपली फाइल हुडकायची आणि परत यायचं. मिनिमाइझचं बटणसुद्धा नाही. २०११ मध्ये गनोम ३ आलं तेव्हापासून त्यांची रचना अशीच आहे, आणि ती ज्यांना आवडते त्यांच्याशी माझं भांडण नाही. मला ती नको होती, म्हणून तर तुम्हाला पैसे दिले.

मी सबटायटलचं काम करते. डावीकडे वर व्हिडिओ, त्याखाली मूळ संहिता, उजवीकडे वरपासून खालपर्यंत मजकुराची खिडकी. ही मांडणी तुमच्या टायलिंगमध्ये एका शॉर्टकटवर लागायची. आता सुपर (विंडोजची कळ) आणि बाण दाबला की अर्धा पडदा मिळतो, पाव नाही. दिवसभर माउसने खिडक्यांचे कोपरे ओढत बसणं हे काम मी तुमच्याकडून विकत घेतलेलं नव्हतं.

आता बिघाडाकडे येते. तुमच्या लोकांनी तो शोधायची तसदी घेतली नाही, म्हणून मीच शोधला. टास्कबार हे गनोमला वरून जोडलेलं एक्स्टेंशन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम. त्याची स्थिती विचारली तर टर्मिनल सांगतं, 'आउट ऑफ डेट'. त्याच्या फोल्डरातली मेटाडेटाची फाइल उघडली. ते शेलच्या (म्हणजे गनोमच्या मुख्य प्रोग्रामच्या) ज्या आवृत्त्यांवर चालतं त्यांची यादी ४८ वर संपते. तुम्ही शेल ४९ वर नेलंत आणि यादीत ४९ हा आकडा घालायचा विसरलात. आवृत्तीची तपासणी बंद करून पुन्हा लॉगिन केलं, तर टास्कबार जागच्या जागी हजर, बहुतेक सेटिंगसकट. म्हणजे तुमच्या हजारो शब्दांच्या 'प्रीमियम अनुभवा'ला एका फाइलमधला एक आकडा कमी पडला. ही तपासणी बंद ठेवून काम करणं धोक्याचं आहे हे मला कळतं, आणि तो उपाय म्हणून मला सुचवू नका.

टायलिंगचं दुखणं मात्र खरं आहे. ते तपासणी बंद करूनही चालत नाही. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलंय की 'मेटा.रेक्टँगल' (आयत तयार करणारा कोड) हा कन्स्ट्रक्टरच नाही. बरोबर आहे, ४९ मध्ये मटरमधून (गनोमचा खिडक्या सांभाळणारा भाग) तो काढून टाकलाय, त्याजागी 'एमटीके.रेक्टँगल' वापरायचा असतो. टायलिंग म्हणजे आयतांचाच हिशेब, त्यामुळे तिथे सगळंच कोसळलं. एक्स्टेंशन लिहिणाऱ्यांसाठी गनोमचं पोर्टिंग गाइड असतं, त्यात हे सगळं आहे. तुमच्यापैकी कुणी ते उघडलं होतं का?

शेलची एक्स्टेंशनं जावास्क्रिप्टमध्ये असतात, थेट शेलच्या पोटात शिरून चालतात आणि नवी आवृत्ती आली की मोडू शकतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण गनोमची आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते. आधी बीटा येते. ती काही वळवाच्या पावसासारखी अवचित कोसळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ४५ आलं, एक्स्टेंशनची मॉड्यूल पद्धतच बदलली आणि जुनी सगळी एक्स्टेंशनं एका फटक्यात बाद झाली, तेव्हा तुम्ही काय केलं होतंत आठवतंय? अपडेट रोखून धरलं, ग्राहकांना पत्राने कारण कळवलं, टास्कबार आणि टायलिंग दोन्ही तयार झाल्यावरच ते सोडलं. त्या पत्राच्या जोरावर मी ओळखीच्या लोकांना तुमचं नाव सुचवलं होतं. ती माणसं आता मला फोन करतात.

आता तो संवाद. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात म्हणे ('गुणवत्तेसाठी'), तर जरूर ऐका.

बिघाड, फाइल, लॉगमधली ओळ, सगळं सांगून झाल्यावर तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर बंद करून चालू केला का?" केला होता. "मग आल्ट आणि एफ-२ दाबा, आर टाइप करा आणि एंटर मारा." मी म्हटलं, अहो, तुम्ही वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी पद्धत) देता, त्यावर शेल असं रीस्टार्ट होत नाही. "करून तर बघा." केलं. पडद्यावर संदेश आला की वेलँडवर रीस्टार्ट उपलब्ध नाही. वाचून दाखवला. पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, "कॅपिटल आर तर नाही ना दाबला?" नाही, स्मॉल. "परत एकदा दाबा, नीट." परत तोच संदेश. परत वाचून दाखवला. तेव्हा ते म्हणाले, "हे वेलँड तुम्ही बाहेरून टाकलंय का?"

तुमच्या इन्स्टॉलरमध्ये दुसरा पर्यायच नाही! एक्स११ चं, म्हणजे वेलँडच्या आधीच्या पद्धतीचं, सत्र तुम्हीच काढून टाकलंत, आणि आधुनिकतेची केवढी दवंडी पिटली होतीत. आणि तुमचाच माणूस मला विचारतो की हे बाहेरून टाकलंय का.

पण खरा कळस पुढेच होता. मी मेटाडेटाच्या फाइलबद्दल पुन्हा सांगायला लागले, तर मध्येच तोडून, अगदी गोड आवाजात: "मॅडम, घरात कॉम्प्युटर समजणारं दुसरं कुणी आहे का? त्यांना फोन द्याल?"

मी गप्प झाले. राग आला म्हणून नव्हे, तर उत्तर काय द्यायचं तेच सुचेना. ज्या फाइलमधली ओळ मी वाचून दाखवत होते ती फाइल तुमची, चूक तुमची, आणि कॉम्प्युटर समजणारं माणूस शोधायचं माझ्या घरात? अशा माणसाची खरी टंचाई कुठे आहे, ते माझ्यापेक्षा तुम्हीच शोधा.

त्यानंतर होल्डवरचं संगीत, मग 'सीनियर'. त्यांचं म्हणणं: ही एक्स्टेंशनं थर्ड पार्टीची, आमची जबाबदारी नाही. सेटिंगमध्ये तुमचा लोगो, वर तुमचं नाव, पॅकेज तुमच्या सर्व्हरवरून येतं. मूळ बनवणाऱ्या स्वयंसेवकांचा कोड तुम्ही घेतलात, तो मुक्त परवान्याखाली आहे, घ्यायला हरकत नाही. चाललं की आमचं आणि मोडलं की त्यांचं, याला मात्र हरकत आहे. फुकट काम करणाऱ्या त्या बिचाऱ्यांवर तुमच्या विसरभोळेपणाचं खापर फोडू नका.

वर एक ईमेलही आला. उपाय म्हणून एक कमांड: 'डीकॉन्फ रीसेट', पुढे 'एफ' आणि शेवटी नुसती तिरकी रेघ. त्या एकट्या रेघेचा अर्थ पाठवणाऱ्याला माहीत होता का? माझे सगळे शॉर्टकट, फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, डीकॉन्फमध्ये, म्हणजे सेटिंगच्या कोठारात, जे जे आहे ते सगळं पुसलं गेलं असतं, आणि टास्कबार तरीही आला नसता, कारण आकडा तुमच्या फाइलमध्ये कमी आहे, माझ्या सेटिंगमध्ये नाही. मी ती कमांड चालवली नाही. किती जणांनी चालवली असेल याचा विचार तुम्ही करा. तो ईमेल पाठवून तुम्ही माझ्या तक्रारीवर 'सोडवली' असा शिक्का मारलात. काय सोडवलं? टास्कबार नाही, टायलिंग नाही, आणि तक्रार सोडवली!

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. टास्कबारचं दुरुस्त पॅकेज ताबडतोब, आकडा घालायला बैठक लागत नाही. टायलिंग ४९ साठी नीट पोर्ट करून, आणि ते होईपर्यंत ४८ वर परत जायचा अधिकृत, लेखी मार्ग, ज्यात माझ्या सेटिंग शाबूत राहतील. यापुढे ही दोन एक्स्टेंशनं तयार नसतील तर शेलचं अपडेट सोडू नये, ही लेखी हमी. तक्रार पुन्हा उघडावी, कारण ती सोडवलेली नाही. आणि तो कॉल ऐकून त्यावर काय केलंत ते मला कळवावं. त्या मुलाला नोकरीवरून काढू नका, त्याच्या हातात ती जुनी उत्तरांची वही कुणी दिली ते बघा.

आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागेन, आणि ग्राहक आयोगाकडे जाताना लॉग, तो ईमेल आणि मेटाडेटाची फाइल सोबत जोडेन. माझ्यापुरता रस्ता मी बघून ठेवला आहे. प्लाझ्मा या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपमध्ये टास्कबार मुळातच असतो आणि फेब्रुवारी २०२३ च्या ५.२७ आवृत्तीपासून मेटा (तीच विंडोजची कळ) आणि टी दाबून टाइल्सची मांडणी स्वतः आखता येते, कुणाचं एक्स्टेंशन न लावता. खरं तर तिकडे जायची इच्छा नव्हती. तुमचे शॉर्टकट बोटांत बसले होते.

हेल्पलाइनवरून पुन्हा फोन करू नये. उत्तर लेखीच द्यावं.

आपली (अजून तरी) ग्राहक

सोबत: लॉगची प्रत, मेटाडेटाच्या फाइलची प्रत, तुमच्या कमांडचा ईमेल