ताईचा रिपोर्ट आणि तुझं रक्त

सातारा, रविवार

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. आई बरी आहे, माझी शुगर आटोक्यात आहे. आता मुद्द्याचं.

ताईचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. आधीच्या तपासण्यांत अँटी-एचसीव्ही 'रिअ‍ॅक्टिव्ह' आलं. म्हणजे हेपॅटायटिस सी, विषाणूमुळे होणारा लिव्हरचा आजार. तिथल्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत उरकलं, तारीख पुढे ढकलली. घरी आल्या आल्या ताईने स्वतःचं ताट-वाटी वेगळं काढलं. संध्याकाळी जाऊबाईंनी नातवाला तिच्या मांडीवरून उचललं. ताई गवार मोडत राहिली, मान वर केली नाही. सुध्या, माझं डोकंच फिरलं. हा आजार एका ताटात जेवल्याने, जवळ घेतल्याने होत नाही, तो रक्तातून रक्तात जातो. कितीदा सांगितलं, पण कागदावरचा शब्द आधीच घरभर झाला होता.

आणि तो रिपोर्ट तरी कुठे पुरा होता! अँटी-एचसीव्ही ही अँटीबॉडीची तपासणी. विषाणूशी लढायला शरीर जी बनवतं ती अँटीबॉडी सापडली म्हणजे विषाणू कधीतरी अंगात शिरला होता, एवढंच. आत्ता आहे का, ते आरएनएची, म्हणजे खुद्द विषाणू शोधणारी तपासणी सांगते. शंभरातल्या तीसएक जणांचं शरीर त्याला सहा महिन्यांत औषधाशिवाय हुसकावतं, तरी अँटीबॉडी मागे राहते. ही दुसरी तपासणी कुणी सांगितलीच नव्हती, मी भांडून करवून घेतली. ताईच्या रक्तात विषाणू निघाला. पण प्लेटलेट आणि लिव्हरच्या आकड्यांवरून सिरोसिस, म्हणजे लिव्हरवर कायमचे व्रण पडून ते घट्ट होणं, नाही म्हणाले. 2018 पासून सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषधं फुकट आहेत. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, रोज घ्यायची, बारा आठवडे. शंभरातले पंचाण्णव बरे होतात. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए. अँटी-एचसीव्ही नव्हे हं, ते बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहतं.

आता तुला का लिहितोय ते. 1994 ला ताईच्या बाळंतपणात रक्त लागलं, तेव्हा बर्फाच्या डब्यातली बाटली सायकलच्या कॅरिअरला बांधून तूच आणलीस. हा विषाणू सापडलाच 1989 ला, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली 2001 च्या सुमारास. ताईला बहुधा तिथूनच आला. तू त्यात अपराधी वाटून घेऊ नकोस, त्या बाटलीनेच ताई वाचली. पण पुढच्याच वर्षी खंबाटकीत राजदूत घसरली तेव्हा तुलाही रक्त चढवलं होतं. गाडी कोण चालवत होतं यावर आज भांडायचं नाही. (तूच चालवत होतास.)

"मला काही होत नाही" म्हणशील. ताईलाही काही होत नव्हतं. हा वीस-वीस, तीस-तीस वर्षं गप्प राहून लिव्हर खातो. रात्री झोप लागत नाही ती आता ताईच्या नव्हे, तुझ्या काळजीने.

सईला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींचा गुडघा कसा आहे?

या आठवड्यात अँटी-एचसीव्ही करून घे. निगेटिव्ह आलं तर फोन कर, मी पेढे घेऊन येतो. रिअ‍ॅक्टिव्ह आलं तर आरएनए होईपर्यंत घरात कुणाला काही बोलू नकोस आणि ताट वेगळं काढू नकोस. मी पुण्याला येतो, दोघं मिळून जाऊ.

तुझा,
बाळ्या