हवा येते कुठून, हे विचारणाऱ्या काकांना

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितेय, कारण माझा संगणक थंड करून दिल्याबद्दल समोरासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच नळाच्या पाण्यावर घसरता. शिवाय यंदाच्या मे महिन्यात माझं मशीन भर दुपारीसुद्धा चाललं, हे कळल्यापासून ओळखीतले लोक विचारताहेत, "कोणता कूलर टाकलास?" प्रोसेसरवरचा कूलर जुनाच आहे हे सांगून कुणाला पटत नाही. त्यांनाही हे वाचता येईल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी व्हिडिओ एडिटिंग करते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला आमचं जुनं घर आहे आणि माडीवरची पश्चिमेची खोली हेच माझं ऑफिस. लग्नं, मुंजी, गणेशोत्सवातले कार्यक्रम आणि ग्वाल्हेर म्हटल्यावर अर्थातच गाण्याच्या बैठकी. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून द्यायचं कामही असतं. मशीन भावाने सुटे भाग आणून घरीच जोडून दिलेलं. रायझेन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटला पुढे अख्खी काच आणि काचेमागे रंगीत दिव्यांचे तीन पंखे. थंडीत त्याची काही तक्रार नसायची. एप्रिल लागला की मात्र प्रोसेसर ९० अंशांना टेकायचा आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच ९०. तिथे पोचला की जीव वाचवायला तो आपला वेग उतरवतो. काम लांबतं आणि पंखे मात्र बोंब मारत राहतात. त्याच खोलीत माइक लावून निवेदन रेकॉर्ड करायचं म्हणजे दर वाक्यामागे घूंऽऽ. कॅसेटवरचा तानपुरा ऐकायचा की कॅबिनेटचा, असा प्रश्न पडायचा.

जयेंद्रगंजातल्या एका दुकानदाराने इलाज सांगितला होता: लिक्विड कूलर (प्रोसेसरची उष्णता पाण्याने वाहून नेणारा) घ्या आणि वरच्या बाजूला आणखी पंखे मारा. पैसे बाजूला काढून झाले होते. तेवढ्यात तुम्ही बाबांकडे आलात, जिन्यातूनच आवाज ऐकलात आणि वर येऊन म्हणालात, "अगं, बिर्लानगरची मिल बंद पडली म्हणून तू इथे चालू केलीस की काय?"

काका, तुम्ही स्क्रीनवरच्या आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत, हे मला फार आवडलं. आम्ही संगणकवाले सगळे त्या आकड्यांवर डोळे लावून बसतो. तुम्ही विचारलंत, "हवा येते कुठून?" मी म्हटलं, पुढून. "जाते कुठे?" मागून. "बघितलंयस?" यावर उत्तर नव्हतं. तुम्ही खाली जाऊन देवघरातली उदबत्ती घेऊन आलात.

त्यानंतरचं दृश्य मी व्हिडिओत घ्यायला हवं होतं. मशीन पूर्ण भारावर चालू, तुम्ही चटईवर मांडी घालून, आणि उदबत्ती कॅबिनेटच्या पुढे. धूर काचेपाशी गेला आणि सरळ वर चढला. आत जाईचना. काच आणि चौकट यांच्यामधल्या बोटभर फटीशी नेली तेव्हा त्यातला थोडा आत ओढला गेला आणि वरच्या छताला बसवलेल्या पुढच्या पंख्याने तो तसाच बाहेर फेकला. प्रोसेसरपर्यंत पोचलाच नाही. मग उदबत्ती मागे नेलीत. मागच्या पंख्यातून निघालेला धूर भिंतीला आपटून टेबलाखालून वळला आणि पुन्हा पुढच्या फटीशी हजर! कॅबिनेट होतं टेबलाच्या त्या 'सीपीयूसाठी' दिलेल्या कप्प्यात. असल्या टेबलांना तो कप्पा असतोच, आणि तो कुणी आणि काय विचार करून काढला असेल देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हवेतला ओलावा मोजायचा ओल्या-सुक्या नळ्यांचा थर्मामीटर आणलात, तुमच्या मिलमधला, लाकडी पट्टीवरचा. खोलीत सुकी नळी ३५ दाखवत होती. कप्प्यात टांगली तर ४८. "तुझं यंत्र ग्वाल्हेरात नाही, त्याच्या स्वतःच्या भट्टीत राहतंय," असं म्हणालात. मग एक हिशेब सांगितलात, तो मी सगळ्यांना सांगते. कूलर कितीही भारी घ्या, तो आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. प्रोसेसर हवेपेक्षा ४५ अंश वर राहत असेल, तर खोलीच्या ३५ वर तो ८० ला असेल आणि कप्प्यातल्या ४८ वर ९३ ला जाऊ पाहील. लिक्विड कूलरलाही तोच नियम. त्याचा रेडिएटर शेवटी त्याच कप्प्यातली हवा खाणार. कप्प्यातून मशीन बाहेर आलं, भिंतीपासून वीतभर पुढे आणि लाकडी पाटावर, म्हणजे खालून श्वास घेणाऱ्या पॉवर सप्लायचं तोंड सतरंजीत बुजायला नको. फुकटात झालेला हा सगळ्यात मोठा फायदा.

मग पंख्यांचा विषय निघाला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तुम्ही लिहिलेलं मांडून ठेवते. माझं मशीन भारावर असताना साधारण ३०० वॅट खातं, त्यात एकटं ग्राफिक्स कार्ड १७० चं. खाल्लेली वीज शेवटी सगळी उष्णताच होते. कॅबिनेटमधून मिनिटाला २५ घनफूट हवा गेली तर ती बाहेर पडेपर्यंत २१-२२ अंशांनी तापते. ५० घनफूट गेली तर ११ अंशांनी. १०० घनफूट गेली तर साडेपाच. पहिल्या दुपटीत ११ अंश वाचले, दुसऱ्या दुपटीत साडेपाच, तिसरीत तीनही नाहीत, आवाज मात्र दर वेळी वाढत जातो. "पंखे वाढवायचे कशाला? वाट मोकळी कर," हे तुमचं म्हणणं त्या कडेवरच्या चार आकड्यांनी पटलं. काच काढून मशीन चालवलं तेव्हा तर पुरावाच मिळाला. दुसरं काही न बदलता कार्डाचं तापमान सरसर उतरलं.

मिलमध्ये तुम्ही नेमकं काय करत होता, हे मला इतकी वर्षं धड माहीतच नव्हतं. 'काका बिर्लानगरच्या जे. सी. मिलमध्ये, म्हणजे जियाजीराव कॉटन मिलमध्ये होते' एवढंच. ह्युमिडिफिकेशन प्लांट म्हणजे मिलच्या खात्याच्या आत कापसाला हवं तसं हवामान तयार करायचं, सूत कोरड्या हवेत तुटतं म्हणून विणकामात आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या घरात राखायची, आणि तेही बाहेर लू वाहत असताना, हे ऐकताना मी रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढायचं काम) विसरून गेले होते. दाराच्या फटीशी कापसाचा तंतू धरून तो आत ओढला जातो की बाहेर फडफडतो, यावरून खात्यात दाब आहे की नाही हे तुम्ही ओळखायचात. तीच नजर माझ्या कॅबिनेटवर फिरली. मागच्या पट्ट्यांच्या, यूएसबीच्या खाचांच्या कडांना धुळीच्या बारीक रेघा होत्या. मी त्या रोज पाहत होते. तुम्ही म्हणालात, ही सगळी हवा चोरवाटांनी आत येतेय. पुढून कोंडलेलं आणि बाहेर फेकणारे पंखे जास्त, म्हणून आत ओढ तयार होते आणि जिथे फट मिळेल तिथून धूळ शिरते. आत ढकलणारी हवा बाहेर फेकणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून हवा बाहेर पडते आणि आत येणारी सगळी जाळीतून गाळून येते. ग्वाल्हेरच्या आंधीत हे केवढं कामाचं आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

प्रोसेसरच्या कूलरचा पंखा क्लिपा काढून बाजूला केला तेव्हा मागच्या पत्र्यांवर जे निघालं ते मी जपून ठेवलं होतं, आईने फेकलं. राखाडी, सलग, नमद्याच्या घडीसारखं, एका टोकाला धरून अख्खं उचलता येईल असं. पंख्याकडून पाहिलं तर दिसतही नव्हतं, कारण ते बरोबर पंखा आणि पत्रे यांच्या सांध्यात बसलं होतं. ब्लोअर मारताना तुम्ही प्रत्येक पंख्याच्या पात्याला अंगठा लावून धरलात. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लावतो.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट बदलायचं काम माझं मीच केलं. एएम४ सॉकेटातला, म्हणजे माझ्या मदरबोर्डावरच्या खोबणीतला प्रोसेसर वाळलेल्या पेस्टला चिकटून पिनांसकट उपटून येऊ शकतो, म्हणून मशीन आधी थोडं तापवलं आणि कूलर सरळ न ओढता डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवला. तुम्ही शेजारी श्वास रोखून बसला होता.

काचेच्या जागी आता पाटणकर बाजारातून आणलेली बारीक नायलॉनची जाळी लाकडी चौकटीवर ताणून लावली आहे. तिच्यामागे १४० मिलिमीटरचे दोन पंखे आत ढकलतात आणि १२० चा एक मागून बाहेर फेकतो. छतावरची पुढची जागा पुठ्ठ्याने बंद. रंगीत दिवे गेल्याचं दुःख भावाला आहे, तो अजून मशीनकडे बघून सुस्कारा टाकतो. जाळी उन्हाळ्यात दर आठवड्याला धुते. दाटलेली जाळी आणि काच यांत हवेच्या दृष्टीने काही फरक नाही, हे तुम्ही बजावलं होतं.

एका गोष्टीवर आपलं जुंपलं होतं, तेही लिहिते. तुमचं म्हणणं, पंखे कायम पूर्ण वेगात हवेत, प्लांट कधी हळू चालवायचा नसतो. मला रेकॉर्डिंगला शांतता हवी होती. शेवटी तुमचेच पंख्याचे नियम माझ्या कामी आले. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण पंख्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज पंधरा-एक डेसिबलने उतरतो. म्हणून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पंख्यांचा आलेख असा बसवला की साठ अंशांपर्यंत ते अगदी संथ फिरतात. जोडीला प्रोसेसर इको मोडवर टाकला. त्यात तो १४२ वॅटऐवजी ८८ वॅटवर थांबतो आणि रेंडरला किंचित जास्त वेळ लागतो इतकंच. तुम्ही तो आलेख पाहून म्हणालात, "आम्हाला हे करायला डँपरची, हवेच्या झडपेची साखळी ओढायला माणूस ठेवावा लागायचा." आता खोलीत ३४ असताना प्रोसेसर पंचाहत्तरीच्या आसपास असतो आणि कार्ड बहात्तरला. निवेदन दुपारी रेकॉर्ड करते.

खसच्या कूलरचं तुमचं ऐकलं ते बरं झालं. मी तो थेट मशीनवर रोखणार होते, थंड हवा आहे म्हणून. तुम्ही कूलरच्या जाळीवर नख घासून पांढरी पूड दाखवलीत, आपल्या खारट पाण्याची. थेंबांबरोबर तीच मदरबोर्डावर जाऊन बसली असती. आता कूलर खिडकीत, मशीन त्याच्या झोताबाहेर, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी, म्हणजे दमट हवा कोंडत नाही. ४२-४३ च्या कोरड्या दुपारीही खोली ३२ ला येते. मशीनसाठी वेगळं काही करावं लागत नाही आणि माझीही सोय होते.

लिक्विड कूलरचे बाजूला काढलेले पैसे वाचले, त्यातून एक चांगला माइक आला आहे. त्यावर काकूंची ती मंगळागौरीची गाणी रेकॉर्ड करायची आहेत, त्यांना तयार राहायला सांगा. "माझा आवाज बसलाय" हे कारण चालणार नाही.

जूनअखेर पाऊस लागला की कूलरचा जोर संपेल आणि खोली दमट आणि गरम दोन्ही होईल. तेव्हासाठी पंख्यांचा आलेख थोडा वर उचलावा लागेल असं मला वाटतं, तुमचं मत वेगळं असणारच. तुमचा थर्मामीटर माझ्याकडेच आहे, ओल्या नळीची वात बदलली आहे. रविवारी जेवायला या, काकूंनाही घेऊन या, मग बसून पाहू. शिवाय बाबांचा इन्व्हर्टर ज्या कपाटात कोंडलाय त्याचीही उदबत्ती करायची राहिली आहे.

काकूंना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद. लोभ असावा.

आपली,
समोरच्या माडीवरची