जुने काढा, पण पाहून काढा

महोदय,

मी कोकणात परिचारिका म्हणून नोकरी केली. परवा इथल्याच एका नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाड पुस्तक हाती आले. पावसाळ्यात पाने एकमेकांना चिकटलेली, बांधणीला बुरशी. हृदय बंद पडले तर आधी श्वास द्या, मग छाती दाबा, असे त्यात होते. हा क्रम २०१० मध्येच उलटा झाला! मुली तेच वहीत उतरवत होत्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "निर्लेखनाला, म्हणजे जुने पुस्तक नोंदीतून काढून टाकायला, मंजुरी मिळत नाही, पुस्तक कमी झाले तर हिशेब मला द्यावा लागतो." त्यांचा काय दोष?

कालबाह्य पुस्तके दरवर्षी तपासून काढण्याचा अधिकार ग्रंथपाल आणि शिक्षकांच्या समितीला द्यावा. मात्र सरसकट रद्दीत घालू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले किती जीव वाचवले! त्यांचे लेख, इथल्या सर्पदंशाच्या, लेप्टोच्या (उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या) नोंदी वेगळ्या कपाटात, कोरड्या जागी जपाव्यात. त्या पुन्हा विकत मिळणार नाहीत.

– एक निवृत्त परिचारिका, रत्नागिरी