घर वेशीच्या आत की बाहेर?

महोदय,

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतील चर्च, वर्णभेद आणि समेट यांवरचा लेख वाचला. मेहनतीने लिहिला आहे, वाद नाही. फिलाडेल्फियातल्या चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या माणसांना उठवलं गेलं आणि काळे धर्मोपदेशक रिचर्ड अ‍ॅलन, त्यांचे सोबती बाहेर पडले. गुलामांच्या मालकांची बाजू घेत १८४५मध्ये वेगळे निघालेल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने १९९५मध्ये माफी मागितली. सगळं आलं. एवढी लांबची वारी करणाऱ्या लेखकाला वाटेत नगर किंवा मडगाव, म्हणजे आपल्याच ख्रिस्ती समाजातली जात, लागलीच नाही का?

मी नगरकडचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. माझ्या पुतणीसाठी आमच्याच मंडळीतलं स्थळ पाळकसाहेबांनी सुचवलं. मुलगा शिकलेला, घर चांगलं. चहा-पोहे झाले. मग मुलाच्या काकांनी बशीत चमचा ठेवत सहज विचारावं तसं विचारलं, 'नेवासे तालुक्यात तुमचं जुनं घर कुठल्या अंगाला? वेशीच्या आत की बाहेर?' माझा भाऊ साधा माणूस, त्याने खरं ते सांगितलं. आठवड्याने निरोप आला : 'आम्ही प्रार्थना केली, पण प्रभूची तशी इच्छा दिसत नाही.' प्रभूने वेशीची चौकशी कधीपासून सुरू केली, हे मी विचारणार होतो. भावाने हात धरला. हेच काका त्या वर्षी समेटाच्या उपासनेत वेदीपुढे उभे राहून 'यहूदी नाही, हेल्लेणी नाही', म्हणजे ख्रिस्तात सगळे एकच, हे बायबलमधल्या गलतीकरांस पत्रातलं वचन वाचत होते. वाचले मात्र सुरेख. आवाज चांगला आहे त्यांचा.

१० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. शिखांना १९५६मध्ये, बौद्धांना १९९०मध्ये त्यात घेतलं, आम्ही अजून बाहेर. हा अन्याय आहेच आणि त्याविरुद्ध आमचे पुढारी दिल्लीत घसा कोरडा करतात की धर्म बदलला तरी जात सुटत नाही. बरोबर आहे. मग रविवारी त्याच तोंडाने 'आपल्यात जातबित काही नाही' कसं म्हणता येतं? कॅथलिक बिशपांच्या परिषदेने निदान २०१६मध्ये चर्चमधली अस्पृश्यता कागदावर मान्य केली. हैदराबादचे अँथनी पूला २०२२मध्ये पहिले दलित कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचे धर्मगुरू, झाले, त्याचाही आनंदच आहे. पण आम्हा प्रोटेस्टंटांच्या कमिट्यांत हा विषय काढला की अध्यक्ष लगेच 'शेवटच्या प्रार्थनेसाठी उभे राहू या' म्हणतात.

पुतणीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं, ती सुखात आहे. तिच्यासाठी हे लिहीत नाही. अमेरिकेतल्या माफीबद्दल आम्हाला जरूर सांगा, पण पुढच्या लेखाआधी लेखकाला एकदा एसटीने नगरला पाठवा. ख्रिस्ती विवाहमंडळांचे फॉर्म पाहायला मिळाले तर फार खोदावं लागणार नाही.

जाता जाता : यंदाही आपल्या पहिल्या पानावर एका आमदारसाहेबांची 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' अशी जाहिरात होती. त्या दिवशी प्रभूला क्रुसावर खिळलं होतं. जाहिरातीचे पैसे घ्या, पण छापण्याआधी कुणा ख्रिस्ती माणसाला एक फोन करत जा.

— एक वाचक, पुणे