पॉइंट टू मायक्रॉन

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी दात साफ करून घेण्याचा विषय काढला तर बाबांनी 'बघू' म्हणून फोन आईच्या हातात दिला, म्हणून लिहायलाच बसले.

बाबा, गंगापूर रोडच्या दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट तुम्ही पुन्हा रद्द केलीत. का, तर 'मशीन लावलं की कॅपची चमक जाते.' दात साफ करून चार वर्षं झाली. आई सांगत होती, ब्रश केल्यावर बेसिनमध्ये लाल दिसतं. कॅप जपायची आणि हिरड्या घालवायच्या, हा कुठला हिशेब?

तुमची भीती अगदीच खोटी नाही, तेही सांगते. परवा आमच्या दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये कुणाचा तरी जुना ब्रिज, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या कॅप, आला. भिंगाखाली धरला तर हिरडीकडच्या कडेवर बारीक राखाडी रेघोट्या, मांजरीने नखं ओढावीत तशा. तो राखाडी रंग स्केलरच्या, म्हणजे दात साफ करायच्या मशीनच्या, धातूच्या टोकाचा, सिरॅमिकवर उतरलेला. टोक कडेवर दाबून लागलं की वरचं चकाकतं ग्लेझ खरवडतं, कधी टवकाही उडतो.

सातपूरला ग्राइंडिंगवर तुमचा जन्म गेला, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. आम्हीही सरफेस फिनिश मोजतो. तोंडातल्या वस्तूसाठी आरएची, म्हणजे सरासरी खरखरीतपणाची, हद्द साधारण ०.२ मायक्रॉन धरतात. त्याहून खरखरीत झालं की जंतूंचा थर जास्त चिकटतो, आणि त्याहून गुळगुळीत केलं तरी फारसा फायदा होत नाही. तुम्ही जॉबवर नख फिरवून बघायचात ना, तसं कॅपवर जीभ फिरवून बघा.

आणि मशीन नाही लावलं तरी कॅप म्हातारी होतेच. तपासणीत सिरॅमिकचे तुकडे ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवतात. अशा १०,००० बुचकळ्या म्हणजे तोंडातलं अंदाजे एक वर्ष. तुमचा रविवार आठवा: तर्रीदार मिसळ, कपाळावर घाम, आणि वर लगेच फ्रीजमधलं ताक! ग्लेझ म्हणजे काचेचा पातळ थर, तो वर्षानुवर्षांच्या चावण्याने, घासण्याने झिजतो. त्यातून तुम्ही बोटाने लाल दंतमंजन रगडता. आईची समई चिंचेने घासली की उजळते, कॅप रगडून मंद होते. ते मंजन आता पुरे.

'कॅप हल्ली जास्तच पांढरी दिसते' म्हणालात ना, तर कॅप आहे तशीच आहे. शेजारचे दात वयाने आणि चहाने पिवळे पडलेत. डॉक्टर साफ करतील तेव्हा चहाचे डाग तरी जातील.

खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचं की वरचा पुढचा दात कॅप आहे. चांगली बसलेली कॅप पटकन ओळखू येत नाही. (आमच्या कामाची हीच पावती, पण इथे अडचण.) तिच्याजवळ प्लास्टिकचं टोक वापरा म्हणावं. पावडरचा फवारा मारणार असतील तर सोड्याचा नको, ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉलचा मारा, तो मऊ असतो. शेवटी सिरॅमिकला चालणाऱ्या पेस्टने पॉलिश. फ्लोराइड जेल लावायचं ठरलं तर न्यूट्रल. ॲसिडवालं कॅपला लागू द्यायचं नाही, ते सिरॅमिकमधली काच खातं. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आई, तुझ्या दाढेच्या मुळाशी काळी रेघ दिसते ती घाण नाही. तुझी कॅप जुन्या पद्धतीची, आत धातू, वर सिरॅमिक. वयाने हिरडी मागे सरली आणि धातूची कड उघडी पडली. सुईने कोरत बसू नकोस, तू बसतेस हे मला माहीत आहे.

शनिवारी साडेदहाला मीच फोन करून बाबांचं नाव घातलंय. पहाटेच्या गाडीने निघते, दहापर्यंत घरी पोचेन. मिसळ दवाखान्यातून परतताना खाऊ, आधी नाही.

तुमची,
सोनू