औषधी वनस्पतीचं वय पावतीवर लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत औषधी वनस्पतींच्या शेतीवर पानभर मजकूर आला होता. फोटो छान होते. पण 'शतावरी लावा, वर्षाच्या आत उत्पन्न सुरू' एवढं एक वाक्य वाचून दोन शेतकरी पेपरची घडी घेऊनच माझ्या दुकानात आले, आणि त्यांना समजावण्यात माझी सकाळ गेली. म्हणून हे पत्र.

मी जुन्नरला काष्ठौषधी विकतो. वडीलही हेच करत. डोंगरपट्ट्यातून माल घेतो, वैद्यांना आणि पुण्या-मुंबईच्या कारखान्यांना देतो. म्हणजे मधला माणूस, आपल्या अग्रलेखांत ज्याला दलाल म्हणतात तो. तरी ऐकून घ्या. मालाचं वय ही गोष्ट शेतकऱ्याला वर्षातून एकदा दिसते आणि वैद्याला कधीच दिसत नाही. माझ्या काट्यावर ती रोज येते.

आधी हिरडा. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम अंगाला, भीमाशंकरच्या रानात याची मोठी झाडं आहेत आणि महादेव कोळी कुटुंबांचा पावसाळ्यापूर्वीचा रोख पैसा बराचसा त्यातूनच येतो. झाड एकच, फळ एकच, पण बाजारात त्याचे तीन माल. आत बी धरायच्या आधी काढलेला तो बाळहिरडा. वाळला की काळा पडतो, अख्खाच वापरतात, एरंडेलात तळून पूड करतात. त्याच फांदीवर राहून अर्धवट भरला की चांभारहिरडा. हा कातडं कमवायला जायचा. पुरता पिकून पिवळट झाला, गर भरला, की सुरवारी हिरडा. त्रिफळ्यात पडतो तो हा, आणि बाळगुटीच्या सहाणेवर ज्याचे वेढे देतात तोही हाच.

यामागचं कारण झाडाच्या सोयीत आहे. कोवळ्या फळातलं बी तयार नसतं, तोवर किडीनं किंवा जनावरानं ते खाऊ नये म्हणून झाड फळ तुरट ठेवतं. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक ही आम्लं त्यातली हिरड्याची खास. फळ पिकत जातं तसा तुरटपणा उतरत जातो. कातडं कमावणाऱ्याला टॅनिनच हवं असल्यामुळे तो पिकायची वाट पाहत नसे. इंग्रजांच्या काळात आपल्याकडचा हिरडा कातड्यासाठी जहाजानं विलायतेला जायचा, आणि तिथल्या बाजारात मालाच्या प्रती ओळखल्या जायच्या त्या जबलपूर, भीमलीपट्टण, वेंगुर्ला अशा नावांनी. पुढे कातडं कमवायला क्रोमचे क्षार आले आणि चांभारहिरड्याला कोणी विचारेनासं झालं. वैद्याला मात्र पिकलेलंच फळ लागतं. आयुर्वेदाच्या सरकारी औषधसंहितेत हरीतकी म्हणजे पक्व फळाचा गर, असं स्पष्ट दिलेलं आहे. भावप्रकाश या जुन्या वैद्यकग्रंथात चांगल्या हिरड्याची खूण सांगितली आहे ती अशी: नवा, स्निग्ध, भरीव, गोल, जड आणि पाण्यात टाकला तर बुडणारा. मी अजूनही मूठभर हिरडे बादलीत टाकून बघतो. तरंगले तर पोतं परत.

हिरड्यात भाव वयाप्रमाणे मिळतो, हे महत्त्वाचं. एक किलो बाळहिरड्याच्या पैशात मोठा हिरडा कित्येक किलो येतो. कारण बाळहिरडा बारीक, वेचायला कष्टाचा, वाळून वजन उतरतं, आणि उंच फांद्यांवर चढून जीव धोक्यात घालावा लागतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं झाडं झोडपली तेव्हा इथल्या आदिवासींनी हिरड्याची भरपाई मागितली ती उगीच नव्हे. (या भावाची दुसरी बाजूही आहे. सगळा हिरडा बाळपणीच उतरवला तर बी धरायला झाडावर काही उरत नाही. आमच्याकडे आज्या-पणज्याच्या वेळची झाडं आहेत, पोरवयाची फारशी दिसत नाहीत. पण तो विषय वनखात्याचा, मी त्यात शिरत नाही.)

हिरड्याचं वय डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यात फसवणूक अवघड. मुळांचं तसं नाही. मूळ खणलं, वाळवलं, तुकडे केले, की ते किती महिन्यांचं होतं हे कळायला जाणता माणूस लागतो; पूड केल्यावर तर त्यालाही कळत नाही.

शतावरीचंच बघा. लावणीपासून दीड ते दोन वर्षांनी मुळं काढायची असतात. तेवढ्या अवधीत ती बोटाएवढी जाड, रसाळ होतात. साल आणि मधली शीर काढली तरी हातात काही राहतं. वर्षाच्या आत उपटलेली मुळं बारीक असतात. साल काढा, शीर ओढा, मग शिल्लक काय? शतावरिन नावाची जी सॅपोनिनं, म्हणजे मुळातली औषधी द्रव्यं आहेत, ज्यांच्यासाठी कारखाना पैसे मोजतो, ती ज्या गरात असतात तो गरच धरलेला नसतो. तरी लोक उपटतात, कारण दोन वर्षं जमीन अडकवायची तर घर कशावर चालवायचं? रोपं विकणारा माणूस परतखरेदीचं तोंडी वचन देऊन गेलेला असतो आणि त्याचा फोन लागत नसतो. मग तो शेतकरी माझ्याकडे येतो. मी घेतो, पण निम्म्या भावानं, आणि तो मला शिव्या देत जातो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

यावरून 'जितकं जुनं तितकं गुणी' असा अर्थ काढाल तर तोही खोटा. अश्वगंधा पाच-सहा महिन्यांत काढावी लागते. मध्य प्रदेशात नीमच-मंदसोरकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये खणतात. तिथल्या मंडीत पहिल्या प्रतीचं मूळ म्हणजे साधारण सात सेंटिमीटर लांब, एक-दीड सेंटिमीटर जाड, मोडलं तर कट्‌कन मोडणारं आणि आतून पांढरंशुभ्र. तेच झाड शेतात राहू द्या, मूळ लाकडासारखं होतं, धागे सुटतात, कांडताना खलबत्ता रडतो. आणि एकाच झाडाचे वेगवेगळे भागही सारखे नसतात. अश्वगंधेच्या पानांत विथाफेरिन ए हे द्रव्य भरपूर असतं, म्हणून काहींनी मुळाच्या अर्कात पानं मिसळून तपासणीतले आकडे फुगवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला 'पानं वापरू नका' असं कंपन्यांना कळवावं लागलं.

कोकणातले वाचक पालेकिराईत ओळखतात, पुस्तकात त्याला कालमेघ म्हणतात. त्याचा कडवटपणा ज्या अँड्रोग्राफोलाइडमुळे आहे ते पानांत सर्वाधिक असतं झाड फुलावर येताना, म्हणजे लावणीनंतर तीन-चार महिन्यांनी. शेंगा धरल्या की ते घटतं आणि पानंही गळू लागतात. पण शेंगा धरलेलं झाड उंच, काड्यांनी भरलेलं, वजनाला चांगलं! वजनावर विकणाऱ्याला थांबण्यात फायदा, पिणाऱ्याला तोटा.

पुदिन्यात तर झाडाच्या नव्हे, एकेका पानाच्या वयाची गोष्ट आहे. कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं. पान जून होत जातं तसं त्याचं रूपांतर मेंथॉलमध्ये होतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथॉलसाठी पुदिना लावणारे शेतकरी शंभरेक दिवसांनंतर कापतात ते यासाठी. चटणीला शेंड्याची पानं, तेलाला भरलेली पानं.

सर्पगंधेचं उदाहरण मुंबईकरांना जवळचं वाटेल. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावर सर्पगंधेच्या उपयोगाबद्दल लिहिलं, आणि तीनच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. मूळ दोन-तीन वर्षांचं लागतं. पण अल्कलॉइडं, म्हणजे रिसर्पिनसारखी औषधी द्रव्यं, बहुतेक सगळी सालीत. आतला लाकडी गाभा जवळपास रिकामा. म्हणून वय मोजूनही भागत नाही. खणताना साल सोलवटली तर तीन वर्षांची कमाई मातीत जाते. मागणी इतकी वाढली की रानातलं झाड दिसेनासं झालं आणि आता त्याच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. लहान झाडं उपटली गेली, कारण मोठी संपली होती.

हे ज्ञान काही नवं नाही. चरकाच्या कल्पस्थानात सांगितलं आहे की फांद्या आणि पानं नुकती फुटलेली, वर्षा आणि वसंतात घ्यावी. मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात. साल, कंद आणि चीक शरदात. लाकडाचा गाभा हेमंतात. फुलं-फळं ज्याच्या त्याच्या ऋतूत. जुन्या वैद्यकग्रंथाचा कर्ता शार्ङ्गधर, त्यानं तर साठवणीचंही वय ठरवलं: चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य, म्हणजे गुण उतरलेलं. हे ऐकून आमचे काही गिऱ्हाईक दुकानातल्या बरण्यांकडे संशयानं बघतात. बघू द्या.

प्रयोगशाळेत तपासून घ्या, असं कोणी म्हणेल. मोठा कारखाना घेतोच. पण डोंगरातून पाच-दहा किलो घेऊन येणाऱ्या बाईच्या प्रत्येक पोत्याची तपासणी परवडायची कोणाला? आणि तपासणीत राख, ओलावा, अर्क कमी-जास्त निघाला तर माल नाकारला जातो, इतकंच. कमी का निघाला हे त्या बाईला कोणी सांगत नाही, म्हणून पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच वेळी खणते.

माझी मागणी छोटी आहे. सरकारी खरेदी केंद्रं असोत की माझ्यासारखे व्यापारी, खरेदीच्या पावतीवर आज नाव, वजन, दर एवढंच असतं. त्यात दोन रकाने वाढवावेत: लागवड कधीची (रानातला माल असेल तर 'रानातला' असं लिहावं) आणि तोडणी-खणणी कोणत्या महिन्यातली. आणि दर त्या रकान्यांप्रमाणे ठरावा. दोन वर्षांच्या शतावरीला वर्षाच्या शतावरीपेक्षा किलोमागे चढा भाव, तोही हंगामाआधी जाहीर केलेला. शेतकरी थांबत नाही ते त्याला थांबल्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून.

लोक खोटं लिहितील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. काही लिहितीलच. पण मुळाची जाडी आणि मोड खोटं फार वेळ लपू देत नाहीत, आणि गावात कोणी कधी लावणी केली हे शेजाऱ्याला पाठ असतं. आज खोटं बोलायची गरजच नाही, कारण विचारतं कोण?

मी या हंगामापासून माझ्या पावतीपुस्तकात हे दोन रकाने छापून घेतले आहेत. एक कोरी पावती सोबत जोडली आहे. पुरवणीचे संपादक ती छापतील तर बरं. जागा नसेल तर निदान पुढच्या अंकात शतावरीच्या त्या वाक्याची दुरुस्ती तरी द्या. पाऊस पडला की रोपं विकणारे गावोगाव फिरायला लागतील.

आपला,
एक काष्ठौषधी दुकानदार,
जुन्नर, जि. पुणे