डनेडिनचा आवाज आणि चार ट्रॅकचं यंत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

न्यूझीलंडच्या स्वतंत्र रॉक संगीतावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. मराठीत या विषयावर कोणी लिहीत नाही, म्हणून आनंद जास्तच झाला. पण लेखातली दोन विधानं खटकली. एक, या गाण्यांचं ध्वनिमुद्रण 'हौशी आणि कच्चं' आहे. दुसरं, तो आवाज डनेडिन या थंड, एका कोपऱ्यातल्या शहराने घडवला. पहिलं विधान अन्यायाचं आहे आणि दुसरं अपुरं.

साधा हिशेब पाहा. 'द क्लीन' हा बँड डनेडिनचा. त्यांच्या तबकड्या काढणारी 'फ्लाइंग नन' ही कंपनी रॉजर शेफर्ड यांनी १९८१ मध्ये सुरू केली ती क्राइस्टचर्चला, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरवर. आणि त्यांची 'बूडल बूडल बूडल' ही ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी तबकडी, रेकॉर्ड झाली ऑकलंडमध्ये, दुसऱ्या बेटावर. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे ख्रिस नॉक्स यांचं टीअ‍ॅक कंपनीचं चार ट्रॅकचं टेप यंत्र. ती ईपी त्यावरच झाली. नॉक्स यांच्या 'टॉय लव्ह' या बँडने १९८० मध्ये सिडनीच्या चांगल्या स्टुडिओत अल्बम केला होता. तो इतका गुळगुळीत निघाला की बँडला स्वतःचाच आवाज त्यात ओळखू येईना. त्यानंतर नॉक्स यांनी हे यंत्र हाताशी धरलं. महागडा स्टुडिओ अनुभवून झाल्यावर, विचार करून घेतलेला हा निर्णय होता. पुढे १९८२ मध्ये दोन तबकड्यांच्या 'डनेडिन डबल'साठी नॉक्स आणि ध्वनिमुद्रक डग हूड यांनी याच पद्धतीने चार बँड रेकॉर्ड केले, प्रत्येकाला तबकडीची एक बाजू.

चार ट्रॅक म्हणजे पाव इंच रुंदीच्या टेपवर चार समांतर पट्ट्या. ड्रम, बेस आणि गिटार तीन पट्ट्यांवर घेतले की एकच उरते आणि गाणं अजून गायचं असतं. मग त्या तिन्ही एकत्र करून चौथ्या पट्टीवर उतरवायच्या आणि पहिल्या तीन पुसून पुन्हा वापरायच्या. यालाच बाउन्स म्हणतात. एकदा पुसलं की बेस वाढवता येत नाही की ड्रम कमी करता येत नाहीत. गायकाने तोंड उघडण्याआधीच साथीचं मिश्रण कायमचं ठरून जातं. प्रत्येक बाउन्सला टेपची सळसळही वाढते. जुनी पट्टी राखून तिच्या तालात बाउन्स करायचा तर आवाज रेकॉर्डिंगच्याच हेडवरून (टेपला टेकणाऱ्या चुंबकीय भागावरून) वाचावा लागतो, आणि तिथे वरचे स्वर बोथट होतात. म्हणून अशा यंत्रावर काम करणारे बाउन्स शक्य तितके टाळतात, बँडला एकत्र वाजवायला लावतात आणि गिटार मुळातच चकचकीत ठेवतात. लेखात ज्याला कच्चेपणा म्हटलं आहे, त्यामागे एवढी शिस्त असते.

लोकांनाही ते पटलं. क्लीनचं 'टॅली हो!' हे पहिलं सिंगल, स्टुडिओत पण जेमतेम पन्नास-साठ डॉलरांत केलेलं, राष्ट्रीय खपाच्या यादीत १९व्या क्रमांकावर गेलं. 'बूडल' पहिल्या दहांत पोचली आणि जवळजवळ सहा महिने यादीत टिकली. तेव्हा देशाची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास होती आणि रेकॉर्डवर ४० टक्के विक्रीकर होता, हे लक्षात घ्यावं.

लेखात तबकडी छापण्याचा विषय अजिबातच नाही, आणि खरी अडचण तिथेच होती. विनाइल छापायचं तर आधी लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर खाच कोरायची, तिच्यावरून निकेलचे साचे काढायचे आणि मग प्रेसमध्ये दाबायचं. प्रती पन्नास असोत की हजार, साच्यांचा खर्च तोच. त्यामुळे काही शे प्रतींखाली परवडत नाही. १९८७ मध्ये वेलिंग्टनजवळच्या लोअर हटचा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा कारखाना बंद झाला आणि छपाई ऑस्ट्रेलियात गेली. छोट्या बँडांचा रस्ता तिथे अडला.

त्यातून दोन वाटा निघाल्या. ब्रूस रसेल यांनी १९८८ मध्ये डनेडिनजवळच्या पोर्ट चामर्सहून 'एक्सप्रेसवे' ही कंपनी सुरू करून कॅसेटची वाट धरली. कॅसेटची गोम म्हणजे हेडचा कल. भरणाऱ्या आणि वाजवणाऱ्या डेकचा कल जुळला नाही की वरचे स्वर गायब. आपल्याकडे ज्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू फिरवून गाणं 'खुलवलं' आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट गेराल्डीन या छोट्या गावच्या पीटर किंग यांची. ते साचा बनवतच नसत. पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकच्या चकतीवर एकेक प्रत स्वतंत्रपणे कोरत. सात मिनिटांची बाजू कोरायला सात मिनिटं. त्यामुळे वीस-तीस प्रतीही निघू शकत, आणि जगभरच्या लहान रेकॉर्ड कंपन्यांनी तिथून तबकड्या करून घेतल्या. लेखात यांना 'पारदर्शक विनाइल' म्हटलं आहे, ते कृपया दुरुस्त करावं. संग्राहकांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. कोरलेली तबकडी छापील तबकडीपेक्षा हळू आवाजाची असते आणि खरखर जास्त असते. बाजू लांबली की खाचा जवळजवळ येतात आणि आवाज आणखी खाली जातो. अशी तबकडी हाती आलीच तर गोल टोकाची सुई लावावी, आधी सुईचं वजन तपासावं आणि पहिल्याच वेळी वाजवताना डिजिटल नक्कल करून ठेवावी. दर वेळच्या वाजवण्याने ती झिजते, आणि एकूण प्रतीच वीस असल्या तर दुसरी मिळणं कठीण.

आपला,
एक वाचक, ठाणे